लिहिणाऱ्या माणसाला दिवाळीची भेट

हैदराबादच्या एका वाचक भगिनींचे पत्र समोर आहे. त्या लिहितात : "आमचे मामंजी रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झाले त्याला सहा वर्षे झाली. रोज सकाळी चहा झाला की ते खिडकीशी बसतात आणि जुन्या डायऱ्यांच्या कोऱ्या राहिलेल्या पानांवर काहीतरी लिहितात. काय लिहिता म्हणून विचारले, तर 'काही नाही, रेघोट्या ओढतो आहे,' असे म्हणून वही मिटतात. यंदाच्या दिवाळीत शाल किंवा धोतरजोडी न देता त्यांच्या या छंदाला साजेसे काही द्यावे असे मनात आहे. पेन द्यावे, तर लोकांनी दिलेली तीन पेने त्यांच्याजवळ आहेत आणि तिन्ही आपापल्या पेटीतच आहेत. मग काय द्यावे?"

पत्रातील ती तीन पेने वाचून मला हसू आले. माझ्या माहितीच्या प्रत्येक लिहिणाऱ्या माणसाच्या कपाटात अशी दोन-तीन पेने असतातच. आत मखमल लावलेली पेटी, तीत आडवे निजलेले चकचकीत पेन, आणि झाकणाच्या आतल्या बाजूस देणाऱ्याचे नाव. मुंजीत मिळालेले, लग्नात मिळालेले, निरोपसमारंभात मिळालेले. देणाऱ्याने ते प्रेमानेच दिलेले असते. परंतु निवडताना त्याने पेटी पाहिलेली असते, हात पाहिलेला नसतो. धातूचे जड पेन अर्ध्या पानात बोटे दुखवते. शिवाय वस्तू महागाची, म्हणून मनात धाक. 'काही चांगले लिहावयाचे असेल तेव्हा वापरू' असे म्हणून ती बाजूला ठेवली जाते आणि तो चांगला दिवस काही उजाडत नाही.

आमच्या कार्यालयात वाचकांचे लिखाण येते. बरेचसे आता संगणकावरून येते, तरी टपालाने येणारी जाड पाकिटे अजून संपलेली नाहीत. ती फोडण्याचे काम पुष्कळदा माझ्याकडे असते, आणि कागदाकडे आधी लक्ष जाते ही माझी जुनी खोड आहे. सोनेरी काठाच्या कागदावर आलेले लिखाण बहुधा सावरून बसल्यासारखे असते. विजेच्या बिलांच्या पाठीवर, कॅलेंडरच्या फाडलेल्या पानांवर, मुलांच्या वह्यांतून उरलेल्या पानांवर आलेल्या मजकुरात मात्र एखादे वाक्य असे भेटते की, हातातले अनुवादाचे काम बाजूला ठेवून ते शेजारच्या सहकाऱ्याला वाचून दाखवावे. याचा अर्थ चांगला कागद वाईट असा मुळीच नाही. लिहिणाऱ्याला कागद बिघडण्याची भीती वाटता कामा नये, एवढेच त्यातून घ्यावयाचे. भेट निवडताना हे एवढे ध्यानात ठेवले तरी निम्मे काम होते.

पेनच द्यावयाचे असेल तर आधी तो माणूस आज कशाने लिहितो ते चार दिवस पाहावे. बॉलपेनावर बोटांनी जोर द्यावा लागतो. शाईचे पेन स्वतःच्या वजनाने कागदावर सरकते. म्हणून सांधे धरलेल्या वडीलधाऱ्यांना शाईचे पेन, अंगाने जरा जाड आणि वजनाला हलके, पुष्कळदा अधिक सोसते. निब मात्र बारीक घ्यावी. रोमन अक्षराचे जाड निबेने फारसे बिघडत नाही. आपल्या देवनागरीत मात्र वर शिरोरेघ, पोटात गाठी, खाली उकार, मध्ये जोडाक्षरे. जाड निबेने 'क्ष'चे आणि 'ष्ठ'चे पोट शाईने भरून जाते आणि बारीक अक्षर काढणाऱ्याचे पान डागाळल्यासारखे दिसते. पूर्वी बोरूने लिहीत तेव्हा तो ज्याचा त्याने आपल्या हाताला मानवेल असा कापून घेतलेला असे. कारखान्यात तयार होणाऱ्या निबेला ही सोय नाही. तेव्हा निवडण्याची काळजी घेणाऱ्यानेच घ्यावयाची.

आपल्याकडे आजही हाताने, लेथवर घडविलेली पेने मिळतात. आंध्र प्रदेशातील राजमहेंद्री येथे के. व्ही. रत्नम यांनी १९३२ च्या सुमारास हे काम आरंभिले. पूर्णपणे देशी पेन बनवावे ही प्रेरणा गांधीजींची. असे पेन १९३५ मध्ये त्यांच्या हाती पोचले, त्यांनी ते वापरून पाहिले आणि वर्ध्याहून पत्र पाठवून आपली पसंती कळविली. ही पेने एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची असतात. हाताला गार लागत नाहीत, घामाने निसटत नाहीत आणि वजनालाही हलकी. मखमली पेटीतील पेनापेक्षा असे एखादे साधे काळे पेन लिहिणाऱ्याच्या हाती अधिक काळ राहील असे मला वाटते.

शाईची दौत ही भेट म्हणून फारच उपेक्षित आहे. ती स्वस्त दिसते, म्हणून द्यावयास संकोच वाटतो. परंतु ती संपते, हा तिचा मोठाच गुण. दौत रिकामी झाली म्हणजे तितके लिहून झाले, याचा जो आनंद लिहिणाऱ्याला होतो तो इतरांना सांगून कळावयाचा नाही. दौतीबरोबर जिव्हाळ्याच्या कथाही येतात. दिगंबर परशुराम दांडेकर यांनी मुंबईत १९३१ साली 'हॉर्स ब्रँड' शाईची पूड आणि वड्या करावयास घेतल्या; पुढे घरोघरी गेलेली कॅमल शाई ती याच घराण्याची. बंगालमध्ये १९३४ साली मैत्र बंधूंनी स्वदेशीच्या भावनेने 'सुलेखा' शाई काढली. पुढे तो कारखाना बंद पडला, परंतु अलीकडे सुलेखाच्या दौती पुन्हा मिळू लागल्या आहेत.

शाई घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. चित्रकलेची काळी शाई पेनात कधीही घालू नये. तिच्यात लाखेसारखे चिकट द्रव्य असते, ते वाळले की पेन कायमचे बसते. आणि धुऊन निघणारी निळी शाई शाळकरी मुलांच्या सदऱ्यांसाठी उत्तम असली, तरी ठेवावयाच्या लिखाणासाठी चांगली नव्हे. एका जुलै महिन्यात आमच्याकडे एक हस्तलिखित पावसात भिजून आले. पहिली तीन पाने वाचता आली; पुढची अकरा पाने म्हणजे आषाढाचे आभाळ. लेखकाजवळ दुसरी प्रत नव्हती. त्यांना ते कळविण्याचे पत्र मलाच लिहावे लागले, आणि तेव्हापासून दौतीवरील 'पर्मनंट' हा शब्द मी डोळ्यांत तेल घालून पाहते.

आता कागद. माझ्या मते भेटीचा खरा पैसा येथे खर्च करावा. वहीच्या वेष्टनावर कागदाचे वजन ग्रॅममध्ये दिलेले असते. ते एक चौरस मीटर कागदाचे. आपण रोज पाहतो त्या ए-फोर आकाराचे सोळा कागद म्हणजे एक चौरस मीटर, तेव्हा ८० ग्रॅमचा कागद म्हटला की त्या आकाराचा एक ताव पाच ग्रॅम भरतो. शाळेच्या वह्यांचा कागद पुष्कळदा याहून बराच पातळ असतो. बॉलपेनाला तो चालतो. शाई मात्र पाठीमागे उमटते आणि वहीची निम्मी पाने फुकट जातात. शाईने लिहिणाऱ्यासाठी ८० ग्रॅम किंवा त्याच्या वरचा कागद पाहावा. तरीही वजनावर सर्वस्वी विसंबू नये. दुकानदाराची परवानगी घेऊन वहीच्या शेवटच्या पानावर आपल्या पेनाने दोन ओळी लिहून पाहाव्यात. अक्षराला मिशा फुटल्या तर वही परत ठेवावी, मग तिचे वेष्टन कितीही देखणे असो.

हातकागदाचे आकर्षण अनेकांना असते आणि ते योग्यही आहे. पुण्याची हातकागद संस्था १९४० पासूनची आहे. जयपूरजवळ सांगानेर येथे कागजी घराणी पिढ्यान्‌पिढ्या हा व्यवसाय करीत आली. दौलताबादजवळचे कागजीपुरा हे गाव तर आपल्या नावातच तो मिरवते. जुन्या काळी हा कागद खळ देऊन, मग गुळगुळीत दगडाने घोटून लिहिण्याजोगा करीत. आज बाजारात येणारा फुलांच्या पाकळ्या घातलेला खरखरीत हातकागद पाहावयास सुंदर, परंतु खळ पुरेशी नसेल तर शाई टीपकागदासारखी पिऊन टाकतो. तो आमंत्रणपत्रिकेला घ्यावा. रोज लिहिणाऱ्याला घोटलेला, गुळगुळीत कागदच हवा.

दिवाळीच्या दिवसांत आणखी एक वही बाजारात सहज मिळते, तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. लक्ष्मीपूजनासाठी व्यापारी नव्या चोपड्या घेतात त्या लाल कापडी पुठ्ठ्याच्या वह्या! त्या चिकटवलेल्या नसतात, दोऱ्याने शिवलेल्या असतात. म्हणून उघडल्या की पाट मांडल्यासारख्या सपाट पडतात, आणि वर्षभर उलथापालथ झाली तरी पान सुटत नाही. आत रकाने छापलेले नाहीत ना, एवढे पाहून घेतले की झाले. मी स्वतः गेली काही वर्षे अशाच वहीत अनुवादाचे कच्चे खर्डे करते. कार्यालयात संगणक आहे, तरीही अडलेले वाक्य सुटते ते लाल वहीत. प्रवासात मांडीवर घेऊन लिहिताना जाड पुठ्ठा टेबलाचे काम करतो, हा आणखी एक फायदा.

पुस्तकांविषयी थोडक्यात सांगते. कोश द्यावा, लिहिणाऱ्या माणसाला कोश वाचण्याचे व्यसन असतेच. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश सात खंडांचा, १९३२ ते १९३८ या काळात निघालेला. दोन्ही आता संगणकावर विनामूल्य पाहता येतात. तरीही एक शब्द शोधावयास जाऊन शेजारचे दहा शब्द वाचीत बसण्याचे सुख छापील पानातच आहे. दिवाळी अंकांचा संच हीही उत्तम भेट, का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक १९०९ साली काढला तेव्हापासून मराठी माणसाची दिवाळी फराळाइतकीच अंकांवरही होत आली आहे, आणि परप्रांतातील मराठी घरांत त्यांची वाट जास्तच पाहिली जाते. शुद्धलेखनाचे पुस्तक मात्र शक्यतो देऊ नये. १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ ला त्यांत पडलेली चार नियमांची भर यांवर माझे पोट चालते, हे खरे. तथापि लिहिणाऱ्याला ते पुस्तक भेट देणे म्हणजे पाहुण्याच्या हाती साबण आणि पंचा देऊन 'दिवाळीच्या शुभेच्छा' म्हणण्यासारखे आहे.

बाजारातून आणावयाचे ते येथे संपले. परंतु हैदराबादच्या पत्रातील 'वही मिटतात' हे दोन शब्द माझ्या मनातून जात नव्हते. त्यांचे कारण सांगावयाचे तर घरची एक गोष्ट सांगावी लागेल. ती माझ्या बाजूने भूषणावह नाही.

आमचे घर खानदेशातले. मी चौदा वर्षांची होते, दादाचे लग्न होऊन वर्ष-दीड वर्ष झाले होते. दिवाळीसाठी घर माणसांनी भरले होते. रेशनकार्ड शोधताना मला एक शंभर पानी वही सापडली. पुढून दुधाचा हिशेब होता. उलटी करून मागून पाहिले, तर वहिनीचे अक्षर. तिने माहेरच्या आवारातील रामफळाच्या झाडाविषयी लिहिले होते, शेजारच्या काकूंच्या खोकल्याविषयी लिहिले होते, आणि एका पानावर एवढीच ओळ होती : 'सासूबाई रागावल्या की भांडी अगदी हळू ठेवतात.' मी ती वही घेऊन माजघरात गेले आणि सर्वांसमोर मोठ्याने वाचू लागले. मंडळी पोट धरून हसली. आईही हसली, ती खरोखरच रागाच्या वेळी भांडी हळू ठेवीत असे. इतक्यात वहिनी चिवड्याचे ताट घेऊन आली. काय चालले आहे हे तिच्या ध्यानात यावयास क्षणभर लागला. मग तीही हसली, ताट खाली ठेवले आणि म्हणाली, "आण गं इकडे." मी वही दिली. कोणी तिला बोलले नाही, कोणी चेष्टाही केली नाही. पण पुढे कधीतरी ती वही मी पुन्हा पाहिली तेव्हा दुधाचा हिशेब दोन्ही बाजूंनी होता.

ती ओळ किती चांगली होती हे मला कळावयास पुष्कळ वर्षे लागली. आज टपालाने येणाऱ्या शेकडो पानांतून मी अशीच एखादी ओळ शोधीत असते.

नोकरी लागल्यावर पहिल्या दिवाळीत मी वहिनीला पेन पाठविले. अर्थातच पेटीतले! दुसऱ्या वर्षी चामडी बांधणीची रोजनिशी. पेन भाच्याच्या दप्तरात गेले, रोजनिशीत भिशीचा हिशेब उतरला. चूक वस्तूंची नव्हती. व्हर्जिनिया वुल्फ या इंग्रज लेखिकेने १९२९ साली लिहिणाऱ्या स्त्रीला स्वतःची खोली हवी असे म्हटले, ते प्रसिद्धच आहे. त्या खोलीच्या दाराला कुलूप असावे हेही तिने सांगितले होते, ते मात्र आपण विसरतो. आपल्या दोन-तीन खोल्यांच्या बिऱ्हाडांत खोली कोठून आणावयाची? पण कुलूप आणता येते.

चार वर्षांपूर्वी दिवाळीला घरी गेले असताना स्वयंपाकघराची दारे दुरुस्त करावयास सुतार आला होता. उरलेल्या फळ्यांतून त्याच्याकडून मी एक लहानसे टेबल करून घेतले. उंची तीस इंच, एकच खण, आणि त्या खणाला कुलूप. टेबल माजघराच्या खिडकीशी ठेवले. वहिनीने हात फिरवून पाहिला आणि म्हणाली, "छान आहे. पण कुलूप कशाला गं? आपल्या घरात कोण चोर आहे?"

मी म्हटले, "मी आहे."

ती माझ्याकडे पाहत राहिली. तेवढ्यात दादा म्हणाला, "दोन किल्ल्या आहेत ना? एक खुंटीवर अडकवून ठेवू, हरवली तर पंचाईत नको." आमच्या घरातल्या सगळ्या जादा किल्ल्या त्या खुंटीवरच असतात. वहिनीने दोन्ही किल्ल्या उचलल्या आणि काही न बोलता आपल्या पाकिटात ठेवल्या. ती आता लिहिते की नाही हे मला ठाऊक नाही. मी विचारलेले नाही. गेल्या खेपेस टेबलावरची दौत अर्ध्यावर आलेली दिसली.

लिहिणाऱ्यांना दिलेल्या भेटींमध्ये जगात सर्वांत प्रसिद्ध झालेल्या भेटीलाही असेच एक कुलूप होते. ॲमस्टरडॅममध्ये १२ जून १९४२ रोजी ॲन फ्रँक तेरा वर्षांची झाली, तेव्हा आईवडिलांनी तिला लाल-पांढऱ्या चौकड्यांच्या कापडात बांधलेली एक वही दिली. वस्तुतः ती स्वाक्षऱ्या गोळा करण्याची वही होती, आणि तिला पुढे लहानसे कुलूप होते. दुकानात ती ॲनने स्वतःच पसंत केली होती. मला वाटते, लिहिणाऱ्याला भेट देताना ही रीत फार चांगली. अचानक आश्चर्याचा धक्का देण्यापेक्षा त्याला दुकानात नेऊन हात लावू द्यावा. पुढच्याच महिन्यात त्या कुटुंबाला लपून राहावे लागले. वर्ष संपण्याच्या आतच वही भरली. मग बाहेरून मदत करणाऱ्या तरुण स्त्रियांनी शाळेच्या वह्या आणि सुटे कागद आणून दिले आणि लिखाण चालू राहिले. ऑगस्ट १९४४ मध्ये सर्वांना पकडून नेल्यावर ते सगळे कागद मीप गीस आणि बेप व्हॉस्क्यूल यांनी गोळा केले. मीपने ते आपल्या टेबलाच्या खणात ठेवले आणि वाचले नाहीत. ॲन परत येईल तेव्हा तिला द्यावयाचे, एवढाच तिचा विचार होता. ॲन परतली नाही. १९४५ मध्ये ती बातमी निश्चित झाल्यावर मीपने तो सारा गठ्ठा तिच्या वडिलांच्या हाती दिला. चौकड्यांची वही जितकी मोठी भेट, तितकेच ते न वाचणेही, असे मला नेहमी वाटत आले आहे.

सर्वच लिहिणारे वही मिटणारे नसतात. काही जण लिहिले की लगेच हाक मारतात, 'जरा ऐका हो.' त्यांना कुलूप देऊन काय उपयोग? त्यांना ऐकणारा हवा. अशा माणसाला आठवड्यातील एक संध्याकाळ द्यावी, आणि त्या वेळी दूरध्वनी दुसऱ्या खोलीत ठेवावा. पाकिटे, टपालाची तिकिटे आणि दोन-चार नियतकालिकांचे पत्ते असलेला एक कागद हीदेखील त्यांच्यासाठी सुरेख भेट. परंतु उत्साहाच्या भरात स्वखर्चाने त्यांचे पुस्तक छापून देऊ नये. आमच्या ओळखीच्या एका घरी मुलांनी वडिलांच्या पंचाहत्तरीला कवितासंग्रह छापून घेतला. प्रकाशकाने पैसे आधी घेतले, विक्रीचे पाहू म्हणाला, आणि वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी सगळे गठ्ठे घरी आणून टाकले. ते आजही पलंगाखाली आहेत, आणि म्हाताऱ्याला रोज झोपताना दिसतात.

ज्यांचा हात थरथरतो किंवा दृष्टी गेली आहे त्यांचे काय? बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, जात्यावर त्या ओव्या रचीत; ते शब्द मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी उतरवून घेतले, म्हणून १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्यावर पुढच्याच वर्षी त्यांच्या गाण्यांचे पुस्तक आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह महाराष्ट्राला मिळाले. घरातील नातवंडांनी सुटीत आजीसमोर वही घेऊन बसावे, ती बोलेल तसे उतरवावे. आता मराठीत बोललेले दूरध्वनीवर आपोआप अक्षरांत उमटते. त्याचा उपयोग अवश्य करावा. मात्र यंत्र बोलीतले शब्द आपल्या समजुतीने 'सुधारते', तेव्हा दुसऱ्या दिवशी आजीला वाचून दाखवून तिचे शब्द तिला परत द्यावेत.

आता हैदराबादच्या भगिनींना. आपल्या मामंजींजवळ पेने आहेतच. त्यांतील सर्वांत हलके असेल ते त्यांच्या परवानगीने पेटीबाहेर काढावे. शाईचे असेल तर कोमट पाण्याने दोन-तीनदा धुऊन, रात्रभर कोरडे करून शाई भरावी आणि खिडकीत ठेवावे. पेटी माळ्यावर टाकावी, म्हणजे पेन पुन्हा तीत जावयाचे नाही. शाईची एक दौत, 'पर्मनंट' पाहून. शिवलेल्या बांधणीच्या दोन वह्या घ्याव्यात, एक नव्हे. एकच असली की जपून लिहिले जाते. रेघा असल्यास रुंद असाव्यात. या वयात डोळ्यांना प्रकाश अधिक लागतो, म्हणून थंडीच्या काळोख्या सकाळींसाठी एक लहान दिवा. ते उजव्या हाताने लिहीत असतील तर तो डाव्या बाजूस ठेवावा, म्हणजे हाताची सावली अक्षरावर पडत नाही. खिडकीजवळ कुलपाची एखादी पेटी किंवा खण करता आला तर करावा आणि दोन्ही किल्ल्या त्यांनाच द्याव्यात. 'काय लिहिता?' हा प्रश्न दिवाळीपुरता तरी विचारू नये. आणि सकाळच्या चहानंतरच्या तासात दूध आणण्यास, बिल भरण्यास किंवा नातवाला शाळेच्या गाडीपर्यंत पोचविण्यास त्यांना कोणी उठवू नये. हे सर्वांत कठीण आहे, घरातल्या सगळ्यांनी आधी बसून ठरवावे लागेल.

वह्या रेघांच्या घेतल्या की कोऱ्या, आणि त्यांनी कोणती आधी उघडली, ते जमल्यास कळवावे.